एकच जखम, दोन कागद

माझी मावशी ८६ वर्षांची आहे. फणसवाडीत चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर तिची खोली. गेल्या पावसाळ्यात तापासाठी तिला सलाइन लावावं लागलं. सुई काढताना हातावरची चिकटपट्टी जरा जोरात ओढली गेली आणि पट्टीबरोबर कातडीही निघाली. रुपयाच्या नाण्याहून मोठा लालभडक चट्टा उघडा पडला. घरी पाठवताना कागदावर लिहून आलं : कातडीचा तुकडा पूर्ण गेलेला, प्रकार तिसरा.

त्याच संध्याकाळी घरी ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर आल्या. खिडकीशी हात धरून त्यांनी बराच वेळ पाहिलं. ‘‘कातडी गेलेली नाही. इथे कडेला गुंडाळून बसलीय. आजी, हात सैल सोडा.’’ सलाइनमध्ये भिजवलेला गॉज त्यांनी दहा मिनिटं जखमेवर ठेवला आणि मग ओल्या बोळ्याने ती कड इतक्या हळू उलगडली, की मावशीला कळलंही नाही. कांद्याच्या पातीवरच्या पापुद्र्याएवढी पातळ कातडी पुन्हा जागेवर आली. जखम पूर्ण झाकली गेली. त्यांच्या कागदावर नोंद झाली : प्रकार पहिला.

सकाळी तिसरा, संध्याकाळी पहिला! जखम मात्र तीच.

आपण या दुखापतीला सहज ‘सालपट निघालं’ म्हणतो. परिचर्येत तिला ‘स्किन टेअर’ म्हणतात. त्वचेचे वरचे दोन थर एकमेकांत खाचाखोचांनी रुतलेले असतात. वय वाढतं तशा या खाचा सपाट होत जातात आणि पकड सैल होते. मग कडीचा कोपरा, चाकाच्या खुर्चीचा दांडा किंवा साधी चिकटपट्टीही वरचा थर खालच्यावरून सरकवायला पुरते. बरीच वर्षं स्टेरॉइड घेतलेल्यांची त्वचा तर आणखीच नाजूक असते.

या जखमांची प्रतवारी करायचा पहिला महत्त्वाचा प्रयत्न अमेरिकेतल्या पेन आणि मार्टिन यांनी १९९० च्या सुमारास केला. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात ‘स्टार’ ही पद्धत आली. तिच्यात पाच वर्ग होते. फाटलेला पापुद्रा फिकट किंवा काळसर पडलाय का, हेही त्यात पाहायचं असे. पुढे २०१३ मध्ये ‘आयस्टॅप’ या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने रंगाची भानगडच काढून टाकली आणि तीनच प्रकार ठेवले. पापुद्रा ओढून जखम पूर्ण झाकता येते तो पहिला. काही भाग गेलाय तो दुसरा. पापुद्रा पूर्ण गेलाय तो तिसरा. मला हा बदल आपल्या दृष्टीने फार मोलाचा वाटतो. ‘आजूबाजूच्या त्वचेपेक्षा काळसर’ हे गोऱ्या हातावर चटकन दिसतं. आपल्या सावळ्या, उन्हाने रापलेल्या हातांवर ते ठरवणं अवघड जातं.

पण तीनच प्रकार असले तरी सगळ्या सिस्टरांचं एकमत होईल का? ते मोजायला जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये सांगितलेला ‘कप्पा’ हा आकडा वापरतात. नुसती टक्केवारी फसवी असते. समजा, दोन सिस्टरांनी १०० फोटो पाहिले आणि दोघींनी ९०-९० फोटोंना ‘कातडी गेली’ म्हटलं. आता दोघींनी डोळे मिटून शेरे मारले असते, तरी सुमारे ८२ ठिकाणी त्या योगायोगानेच जुळल्या असत्या. म्हणून इथे ८२ टक्के एकमताची किंमत शून्य. दोघींनी निम्मे-निम्मे शेरे दिले असते, तर योगायोगाचं एकमत ५० असतं आणि ८० ठिकाणी जुळल्यास कप्पा ०.६ आला असता. कप्पा १ म्हणजे पूर्ण एकमत.

आयस्टॅपची मोठी चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. ४४ देशांतल्या १,६०१ जणांनी जखमांचे फोटो पाहून प्रकार ठरवले. वेगवेगळ्या व्यक्तींमधलं एकमत ०.५७ आलं, म्हणजे मध्यम. त्याच व्यक्तीला तेच फोटो पुन्हा दाखवले तेव्हा आकडा ०.७४ झाला. माणूस स्वतःशी जितका सहमत असतो, तितका शेजारणीशी नसतो. तरी हा आकडा कमी लेखू नये. बेडसोरच्या युरोपीय प्रतवारीची २००७ मध्ये अशीच चाचणी झाली होती. पाच देशांतल्या १,४५२ परिचारिका त्यात होत्या आणि एकमत जेमतेम ०.३३ होतं.

बेडसोरचा उल्लेख निघाला की मुंबईकराला परळचं केईएम रुग्णालय आठवतं. तिथल्या परिचारिकांनी अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानभाग यांना १९७३ पासून २०१५ पर्यंत सांभाळलं आणि इतक्या वर्षांच्या अंथरुणात बेडसोर होऊ दिले नाहीत म्हणून देशभर त्यांचं कौतुक झालं. त्वचेकडे रोज बारकाईने पाहणारी ही नजर आपल्याकडे आहेच. ती एका पाळीकडून दुसऱ्या पाळीकडे कागदावरून न बदलता पोचावी, एवढ्यासाठी प्रतवारी लागते. नाहीतर सकाळचा ‘तिसरा’ वाचून रात्रीची सिस्टर जखम बरी होतेय की बिघडतेय हे कशाच्या आधारे सांगणार?

फोटोवरच्या चाचणीची एक मोठी मर्यादा मावशीच्या हातावरच मला दिसली. फोटोतला गुंडाळलेला पापुद्रा उलगडता येत नाही. सुकलेल्या रक्ताखाली काय आहे तेही कळत नाही. आपल्याकडे अशी चाचणी घ्यायची तर फोटो सावळ्या त्वचेचे हवेत. वर्णन वॉर्डात बोलतात तशा मराठीत हवं. शिवाय दोन सिस्टरांनी रुग्णाशेजारी उभं राहून, जखम धुऊन, पापुद्रा जागेवर आणल्यानंतर एकमेकींना न विचारता नोंद करायला हवी. जखम धुण्याआधी लिहिलेला प्रकार मला तरी अंदाजच वाटतो.

मावशीच्या हातावर सिस्टरनी न चिकटणारी जाळी ठेवली, वरून पट्टी गुंडाळली आणि पेनाने पट्टीवर एक बाण काढला. मावशीने विचारलं, ‘‘हे कशाला गं?’’

‘‘उद्या मी नसेन, आजी. जी कोणी येईल तिने पट्टी या बाणाच्या दिशेनेच सोडवायची. उलटी ओढली तर कातडी परत निघेल.’’

दुसऱ्या दिवशी खरंच दुसरी सिस्टर आली. तिने आधी बाण पाहिला, मग कागद.