आत अडकलेला ताण

१६ जानेवारी १९४३ ची रात्र. अमेरिकेत पोर्टलंडच्या स्वॅन आयलंड गोदीत ‘स्केनेक्टडी’ हे नवेकोरे तेलवाहू जहाज धक्क्याला बांधलेले होते. पाणी संथ, हवा गोठणबिंदूखाली. एकाएकी कडाडून आवाज झाला आणि डेक व दोन्ही कुशींचे पत्रे फाटत गेले. तळ तेवढा शाबूत राहिला.

युद्धाच्या घाईत रिवेटांना फाटा देऊन वेल्डिंगने जहाजे बांधण्याचा सपाटा चालू होता. एकट्या लिबर्टी जातीची मालवाहू जहाजेच २,७१० झाली. साहजिकच बोट वेल्डिंगकडे वळले. वितळलेला सांधा थंड होताना आकसू पाहतो, बाजूचे पोलाद त्याला आकसू देत नाही आणि ही ओढाताण कायमची आत अडकते. हाच अवशिष्ट ताण. जहाजात पोतेभर माल नसतानाही तो असतोच.

अशी जहाजे का फाटली याच्या १९४६ च्या चौकशी अहवालाने मात्र त्याला मुख्य आरोपी ठरवले नाही. थंडीत ठिसूळ होणारे पोलाद आणि डेकवरच्या मालाच्या तोंडांचे (हॅचचे) काटकोनी कोपरे यांच्यावर ठपका आला. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी पोलादाचा हा ठिसूळपणा प्रयोगांनी दाखवून दिला होता. निकाल रास्तच होता, पण त्यामुळे ताण मोजण्याची निकड मागे पडली, असे मला वाटते.

मोजण्याची युक्ती होती. जर्मनीत माथारने १९३४ मध्येच ती मांडली होती: पत्र्याला बारीक भोक पाडायचे आणि भोवतालचा धातू किती सरकतो ते पाहायचे. पुढे धातूचे हे सूक्ष्म सरकणे टिपणारे स्ट्रेन गेज आले आणि काम नेमके झाले. पण चांगल्या जहाजाला भोक पाडू कोण देणार? क्ष-किरणांना भोक लागत नाही, पण ते पृष्ठभागाखाली जेमतेम काही मायक्रॉन पोचतात. न्यूट्रॉन खोल जातात, पण त्यांचा झोत अणुभट्टीसारख्या ठिकाणी मिळतो आणि जहाज तिथे नेता येत नाही.

अमेरिकी नौदलाच्या टिकोंडेरोगा वर्गाच्या क्रूझरांवर हा ताण पुन्हा पुढे आला. त्यांच्या वरच्या बांधणीतले मॅग्नेशियमयुक्त अॅल्युमिनियम वर्षानुवर्षे उन्हात तापून खाऱ्या पाण्यापुढे कमकुवत झाले. अशा धातूला तडा जायला लाटांचा मारा लागतोच असे नाही, सांध्यातला ताण पुरतो. तडा कुठे जाईल हे आधी सांगायचे तर तो ताण मोजल्यावाचून गत्यंतर नाही.

आजही मोजमाप हाताशी नसले, की वेल्डिंगच्या सांध्यातला ताण धातूच्या नमनबलाइतका, म्हणजे धातू कायमचा वाकू लागतो त्या मर्यादेइतका, धरून हिशेब करतात.