आज्ञावलीचा इतिहास आणि सहकार्याची शिस्त

एकाच आज्ञावलीवर अनेक हात काम करू लागले म्हणजे दोन प्रश्न उद्भवतात : कोणता पाठ ग्राह्य मानावयाचा, आणि एकाच्या दुरुस्तीने दुसऱ्याची दुरुस्ती पुसली जाणार नाही याची हमी कोणी द्यावयाची? आवृत्ति-नियंत्रणाची प्रणाली या प्रश्नांना उत्तर देते.

या दृष्टीने लिनक्स कर्नलचे उदाहरण उद्बोधक आहे. १९९१ नंतरच्या पहिल्या दशकात त्यातील दुरुस्त्या मुख्यतः ई-मेलने येत. २००२ मध्ये बिटकीपर ही खाजगी मालकीची प्रणाली स्वीकारण्यात आली. परंतु २००५ मध्ये तिच्या विनामूल्य वापराची सवलत संपुष्टात आली, आणि लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये गिटच्या रचनेस आरंभ केला.

गिटमधील प्रत्येक नोंदीत, म्हणजे कमिटमध्ये, प्रकल्पाची त्या क्षणाची स्थिती, कर्त्याचे नाव, वेळ आणि आधीच्या नोंदीची खूण ग्रथित असते. या सर्वांवरून गणिताने नव्या नोंदीची खूण सिद्ध होते; रूढ पद्धतीत ती ४० चिन्हांची असते. जुन्या नोंदीतील एक अक्षर बदलले, तरी तिची व तिच्यापुढील सर्व नोंदींची खूण बदलते. शिवाय सामान्यतः प्रत्येक सहकाऱ्यापाशी संपूर्ण इतिहासाची प्रत असते. म्हणून दूरस्थ भांडार हे सत्तास्थान नसून सर्वांनी संकेताने ठरविलेले मीलनस्थान होय. तेथे दरम्यान इतरांची भर पडली असल्यास आपली नोंद नाकारली जाते. ती भर आणून, तिच्याशी मेळ घालून मगच आपले काम पाठवावे लागते.

हा मेळ घालताना गिट दोन्ही शाखांची त्यांच्या समान पूर्वजाशी तुलना करते. निरनिराळ्या ठिकाणचे बदल आपोआप एकत्र होतात. एकाच ओळीवरील भिन्न बदलांचा निर्णय मात्र माणसावर सोपविला जातो. तथापि यंत्र जुळविते त्या ओळी, अर्थ नव्हे. समजा, एकाने एखाद्या फंक्शनचे एकक सेकंदाऐवजी मिलिसेकंद केले आणि दुसऱ्याने अन्य फाइलीत सेकंद गृहीत धरून तेच फंक्शन वापरले. मीलन निर्विघ्न पार पडेल, आणि उत्तर हजारपटीने चुकेल! यास्तव स्वयंचलित चाचण्या आणि सहकाऱ्याचे परीक्षण यांची आवश्यकता उरतेच.

संशोधकाच्या दृष्टीने याचे महत्त्व विशेष आहे. प्रबंधातील आकडा ज्या आज्ञावलीने काढला, तिच्या नोंदीची खूण प्रबंधात दिली आणि मूळ सामग्रीही जतन केली, तरच तो आकडा दुसऱ्यास पडताळून पाहता येतो. पडताळ्याची वाट मोकळी ठेवणे हा संशोधनाचा धर्म आहे. ही प्रणाली त्याचे साधन आहे.