थंडीतले डिझेल इंजिन

परभणीच्या कृषी विद्यापीठातील हवामान केंद्रावर डिसेंबर-जानेवारीत पारा अनेकदा १० अंशांखाली उतरतो. डिझेल गोठावे इतकी ही थंडी नसली, तरी ठिणगीविना, केवळ दाबाने तापलेल्या हवेत इंधन पेटवणाऱ्या इंजिनाला ती जाणवते. पहाटे सुरू केलेली जीप जिंतूरकडील चढावर ओढ घेत नसेल, तर इंजेक्टर उघडण्याची घाई न करता आधी धूर पाहावा. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. इंजिन तापताच तो विरत असेल, तर ज्वलनकक्ष तापवणाऱ्या हीटर प्लगवर संशय घ्यावा. काळा धूर हवेची कमतरता, बहुधा तुंबलेला एअर फिल्टर किंवा फाटलेली टर्बोची नळी, सुचवतो. धूर नसूनही मरगळ राहिली, तर डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडे इंधन काचेच्या बाटलीत घ्यावे. पाणी असल्यास ते तळाशी वेगळे दिसते.