चाकांवरचे घर घेताना आधी ओल पाहा

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या नातेवाइकांचे उन्हाळ्यातले फोटो कोकणातल्या आणि मुंबईतल्या अनेक घरांत मोबाइलवर येत असतात. मागे हिरवे डोंगर, पुढे उंच पांढरी गाडी, तिच्या दारात अंथरलेली चटई आणि चहाचे कप. ही गाडी म्हणजे मोटरहोम. ड्रायव्हरच्या सीटमागेच झोपायची जागा, गॅसची शेगडी, फ्रीज, छोटी मोरी आणि संडास. हलाल जेवण कुठे मिळेल, वुजू कुठे करायचा, नमाजला जागा कुठे शोधायची, म्हाताऱ्या अब्बा-अम्मींना वारंवार थांबावे लागते त्याचे काय करायचे, या नेहमीच्या काळज्या तिथे बऱ्याच हलक्या होतात.

नवी गाडी मात्र फार महाग असते. व्याजाचे कर्ज टाळून साठवलेल्या पैशांतून खरेदी करणाऱ्या कुटुंबाला जुनीच गाडी परवडते. दहा-बारा वर्षे वापरलेल्या, बऱ्या अवस्थेतल्या गाडीलाही वीस-तीस हजार पौंड सहज मोजावे लागतात. कित्येक वर्षांची पुंजी एका वस्तूत घालायची, तर ती वस्तू आतून कशी आहे, हे कळलेच पाहिजे.

पलंग नव्हे, पट्टे मोजा

‘सहा जणांची गाडी’ असे विकणारा म्हणतो, तेव्हा तो झोपायच्या जागा सांगत असतो. चालत्या गाडीत पट्टा लावून बसण्याच्या जागा त्याहून कमी असू शकतात. चार पलंग आणि फक्त दोन पट्टे, अशाही गाड्या बाजारात आहेत. आडव्या, म्हणजे भिंतीला पाठ लावून बसायच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची बसवता येत नाही. म्हणून घरात माणसे किती आणि पट्टे किती, हा हिशेब पहिला.

दुसरा हिशेब वजनाचा. ब्रिटनमध्ये कारचा परवाना १ जानेवारी १९९७ किंवा त्यानंतर मिळाला असेल, तर त्यावर साधारणपणे ३,५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते. त्याआधीच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंत मुभा असते, पण वयाच्या सत्तरीनंतर ती टिकवण्यासाठी वैद्यकीय तपासणी लागते. पुष्कळ मोटरहोम नेमक्या ३,५०० किलोच्या मर्यादेत बसवलेल्या असतात आणि सामानासाठी जेमतेम तीन-चारशे किलो उरतात. ड्रायव्हर सोडून घरातली तीन माणसे, शंभर लिटर पाणी, तांदळाची पिशवी, मुलांच्या सायकली. एवढ्यात मर्यादा गाठली जाते. वजन जास्त भरले तर दंड होतो आणि ब्रेकवरही ताण येतो. गाडी पूर्ण भरून एकदा वजनकाट्यावर नेणे केव्हाही चांगले.

खरा शत्रू पाणी

जुनी कार घेताना आपण इंजिन पाहतो. मोटरहोममध्ये इंजिनाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व भिंतींना आहे. बाहेर ॲल्युमिनियमचा किंवा फायबरचा पातळ पत्रा, मध्ये थंडी अडवणारा थर आणि आत प्लायवुड, अशी ही भिंत असते. जुन्या गाड्यांत मधली चौकट बहुधा लाकडाची. सांधे, खिडक्या आणि छतावरची झरोक्याची दारे यांच्याभोवती मसाला भरलेला असतो. उन्हाथंडीने तो कडक होतो, त्याला भेगा पडतात आणि ब्रिटनचा बारमाही पाऊस थेंबाथेंबाने आत शिरतो. वरून रंग चकचकीत राहतो आणि आत लाकूड कुजत जाते. अशा दुरुस्तीला हजारो पौंड लागतात आणि कधी ती गाडीच्या किमतीला परवडतही नाही.

पावसाळ्यात घराच्या भिंतीला ओल धरली की ती आपल्या घरातल्या बायकांच्या नजरेतून सुटत नाही. तीच नजर इथे कामाची. दार उघडताच वास घ्यावा. कुबट वास आला तर सावध व्हावे, आणि सुगंधी फवारा जरा जास्तच मारला असेल तर अधिक सावध व्हावे. खिडक्यांचे खालचे कोपरे, वरच्या कपाटांच्या आतल्या कडा आणि गाद्यांखालच्या फळ्या अंगठ्याने दाबून पाहाव्यात. मोरीजवळची जमीन पायाखाली दबते का, तेही पाहावे. एकाच जागी नवा कागद चिकटवलेला दिसला तर कारण विचारावे. शक्य असेल तर पाऊस पडून गेल्यावर गाडी पाहायला जावे.

यानंतर आर्द्रतामापक यंत्राने तपासणी करून घ्यावी. ढोबळमानाने आकडा १५ टक्क्यांच्या आत असेल तर चिंता नसते. २० च्या पुढे गेला तर पाणी कुठून येते ते शोधावे लागते आणि ३० च्या पुढे आतले लाकूड खराब झाल्याची शक्यता मोठी असते. ब्रिटनमध्ये अशा गाड्यांच्या ‘घरा’ची, म्हणजे ओल, गॅस, वीज आणि नळ यांची, दरवर्षी वेगळी तपासणी करून घेण्याची पद्धत आहे. मागच्या चार-पाच वर्षांचे कागद मागावेत. आकडा दरवर्षी चढत गेला असेल तर कितीही स्वस्त असली तरी ती गाडी सोडून द्यावी.

इंजिन आणि कागदपत्रे

या गाड्या फार चालत नाहीत. दहा वर्षांत जेमतेम वीस-पंचवीस हजार मैल झालेली गाडीही मिळते. म्हणून मैलांपेक्षा वय पाहावे. इंजिनाचा टायमिंग बेल्ट मैलांप्रमाणे तसाच वर्षांप्रमाणेही बदलावा लागतो. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी नवी दिसली तरी जुने रबर आतून तडकलेले असू शकते.

सरकारच्या एमओटी तपासणीचा इतिहास गाडीच्या नंबरवरून ऑनलाइन फुकट पाहता येतो. मात्र ती तपासणी रस्त्यावरच्या सुरक्षिततेची असते, ओलीची नव्हे. व्ही-५-सी हे नोंदणीपत्र मालकीचा पुरावा नसते, म्हणून खरेदीची पावती पाहावी आणि गाडीवर कुणाचे कर्ज बाकी आहे का, हे थोडे पैसे भरून तपासून घ्यावे. दुकानदाराकडून घेतलेल्या गाडीत घेतेवेळीच मोठा दोष असेल, तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे ३० दिवसांत ती परत करता येते. खासगी व्यक्तीकडून घेतलेल्या गाडीला हे संरक्षण नाही.

शंभर लिटरांत संसार

गाडी घरी आली की पाण्याचे दुसरे रूप समोर येते. आता ते कमी पडते. टाकी साधारण शंभर लिटरांची. नळ सोडून वुजू केला तर एका वेळी पाच लिटर सहज जातात. चौघांचे पाच वेळा, म्हणजे दिवसाला शंभर लिटर, अख्खी टाकी. तोच वुजू मगात एक लिटर पाणी घेऊन केला तर दिवसाला वीस लिटर पुरतात. पैगंबर (स.) एका मुदात, म्हणजे सुमारे पाऊण लिटर पाण्यात वुजू करीत, असे हदीसमध्ये आले आहे. घरच्या नळाखाली ही गोष्ट आपण विसरतो. गाडीत मुले ती दोन दिवसांत शिकतात.

संडासाची पेटी सतरा-अठरा लिटरांची असते. लोट्याने पाणी घेण्याची आपली सवय असल्याने ती इतरांपेक्षा लवकर भरते. चौघांसाठी रोज किंवा एक दिवसाआड ती रिकामी करावी लागेल, असे धरून चालावे. ती फक्त नेमलेल्या जागीच रिकामी करायची असते, ओढ्यात किंवा रस्त्याकडेच्या गटारात कधीही नाही. त्यामुळे अशी सोय असलेल्या मुक्कामांचा माग ठेवूनच रस्ता आखावा.

थंडीत गॅस प्रोपेनचा घ्यावा. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू होतच नाही आणि शेगडी विझते. ऊब मिळावी म्हणून शेगडी पेटती ठेवणे जिवावर बेतू शकते. कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा गाडीत हवाच.

मुक्काम आणि नमाज

गाडी आपली असली तरी रात्री कुठेही उभी करता येत नाही. स्कॉटलंडमध्ये रानात फिरण्याचा हक्क २००३ च्या कायद्याने दिला आहे, पण तो पायी जाणाऱ्याला आहे, मोटारीला नाही. शेतकऱ्यांच्या जमिनीवरचे पाच गाड्यांपुरते छोटे तळ शांत आणि स्वस्त असतात. उत्तर स्कॉटलंडमधले रस्ते अनेक ठिकाणी एकेरी आहेत. समोरून गाडी आली की बाजूच्या रुंद जागेत थांबून वाट द्यायची असते. गाडीची उंची आणि रुंदी चिठ्ठीवर लिहून ड्रायव्हरसमोर चिकटवावी, म्हणजे पूल किंवा वाहनतळाचा अडसर येताच गोंधळ होत नाही.

जूनमध्ये तिथे सूर्य रात्री दहानंतर मावळतो आणि फज्र फार लवकर होते. प्रवासात चार रकातींच्या नमाजा दोन होतात. शाफई मसलकात जुहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र पढण्याची सवलतही आहे. कोकणी घरांना ती फार उपयोगी पडते. हनफी घरांनी आणि एकाच जागी जास्त दिवस राहणाऱ्यांनी आपल्या आलिमांना आधी विचारून ठेवावे.

पहिली रात्र घराजवळ

थेट स्कॉटलंडला निघण्याआधी घरापासून तासाभराच्या तळावर एक रात्र काढावी. पंप, दिवे, फ्रीज, गरम पाणी, सारे वापरून पाहावे आणि जे चालत नाही ते लिहून ठेवावे. निघताना विजेची तार काढली का, गॅस बंद केला का, पायरी आत घेतली का, झरोके लावले का, ही यादी मोठ्याने वाचण्याचे काम मुलांकडे द्यावे आणि मोठ्यांनी गाडीभोवती एक फेरी मारावी. थंडी सुरू होण्याआधी टाकी आणि नळ पूर्ण रिकामे करावेत, कारण आत राहिलेले पाणी गोठले की नळ फुटतात. एवढे सांभाळले तर जुनी गाडीही कुटुंबाला पुष्कळ वर्षे साथ देते, इन्शाअल्लाह.