मुक्काम मालवण, घड्याळ समुद्राचं

वैशाखातल्या सकाळी मालवणच्या धक्क्यावरून सुटलेली पहिली होडी थोड्याच वेळात सिंधुदुर्ग किल्ल्याला लागते. वारा गार असतो, तट सावलीत असतो, मुलं पायऱ्या धावत चढतात. तीच होडी भर बाराला पकडली, तर पायाखालचा दगड पोळतो, घामाने जीव नकोसा होतो आणि किल्ला अर्धा पाहूनच मंडळी परत फिरतात. किल्ला तोच, तिकीट तेच. फरक फक्त चार तासांचा.

बहुतेक घरांत कोकणची सहल किलोमीटर मोजून आखली जाते. एक रात्र गणपतीपुळ्याला, एक देवगडला, एक मालवणात, एक गोव्यात. रोज सकाळी बॅगा भरायच्या, रोज संध्याकाळी नवी खोली शोधायची. उन्हाळ्यात फिरण्याजोगे तास म्हणजे सकाळ आणि संध्याकाळ. नेमके तेच प्रवासात खर्च होतात. चारच दिवस हाताशी असतील, तर मालवणात एकच मुक्काम ठेवावा आणि रोज एका दिशेला जाऊन रात्री परत यावं. सिंधुदुर्ग हा 1997 साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्याची उत्तरेची आणि दक्षिणेची दोन्ही टोकं मालवणहून एकेका दिवसात पाहून होतात.

पाण्याचे दिवस, रस्त्याचे दिवस

बेत आखताना आधी कालनिर्णय उघडावं, नकाशा नंतर. भरती-ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमीला पाचाचे पावणेचार, अष्टमीला सहा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. ठिकाणाप्रमाणे वेळ थोडी मागेपुढे होते, त्यामुळे निघण्यापूर्वी भरतीचं तयार वेळापत्रक पाहावंच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप वर चढतं आणि तितकंच खाली जातं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा हा चढउतार कमी असतो.

हे कळलं की चार दिवसांची मांडणी आपोआप होते. ज्या दिवशी पाण्याची वेळ सोयीची, तो दिवस किल्ल्याला किंवा देवबागला द्यावा. ज्या दिवशी सोयीची नाही, त्या दिवशी गाडी काढावी.

पाण्याचा पहिला दिवस अर्थातच सिंधुदुर्गाचा. कुरटे बेटावरच्या या किल्ल्याचा पाया 25 नोव्हेंबर 1664 रोजी घातला गेला. पायाच्या दगडांत शिसं ओतलं गेलं, असं सांगितलं जातं. सुमारे 48 एकरांचा हा विस्तार घाईत पाहण्याजोगा नाही. छत्रपती राजाराम महाराजांनी उभारलेलं शिवराजेश्वर मंदिर, शिवरायांच्या हातापायाचे ठसे, आणि चहूकडे खारं पाणी असताना गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी! आत आजही वस्ती आहे. होडीवाले परतीची वेळ ठरवून देतात. जरा जास्त वेळ हवा, हे चढतानाच सांगून ठेवावं. संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव पाहायला मिळतो. नशीब असेल तर रापणीचं जाळं ओढतानाही दिसतं.

पाण्याचा दुसरा दिवस तारकर्ली-देवबागचा. देवबाग ही जमिनीची चिंचोळी पट्टी; एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. संगमाजवळचे वाळूचे पट्टे ओहोटीला उघडे पडतात, म्हणून होडी त्या हिशोबाने ठरवावी. मालवणचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे आणि त्याच्या पाण्याखाली प्रवाळ आहेत. स्नॉर्केलिंग करताना त्यांवर पाय ठेवू नये, तुकडा घरी आणू नये. लाइफ जॅकेट मुलांइतकंच मोठ्यांनाही हवं.

उत्तरेला आणि दक्षिणेला

रस्त्याचा एक दिवस उत्तरेचा. आचरा, मिठबावमार्गे आधी समुद्राला लागून असलेलं कुणकेश्वराचं मंदिर, मग देवगड. मे महिन्यात रस्त्याकडेला हापूसच्या पेट्या दिसतात; इथल्या हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पुढे पडेल-गिर्येवरून विजयदुर्ग. वाघोटन खाडीच्या मुखावरचा हा तिहेरी तटाचा किल्ला आंग्र्यांच्या आरमाराचा मोठा आधार होता आणि 1756 साली तो इंग्रजांच्या हाती पडला. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणाशी नातं सांगणारे ‘साहेबाचे ओटे’ही इथे दाखवले जातात. सूर्य कलला की तटावरून फिरावं आणि अंधार पडण्यापूर्वी परतीचा रस्ता धरावा.

दुसरा दिवस दक्षिणेचा. कर्ली ओलांडून परुळे-म्हापणमार्गे वेंगुर्ला. इथल्या फळ संशोधन केंद्रात हापूस आणि नीलम यांच्या संकरातून ‘रत्ना’ आंबा तयार झाला. काजूच्या ‘वेंगुर्ला’ जातीही इथल्याच. तिथून शिरोडा. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहातलं हे एक महत्त्वाचं गाव. वि. स. खांडेकरांनी इथल्या शाळेत कित्येक वर्षं शिकवलं, त्यामुळे मराठी वाचकाला हे गाव परकं वाटत नाही. शेवटी रेडीचा द्विभुज गणपती.

दुपारी अकरा ते चार मात्र उन्हात उभं राहू नये. तो वेळ जेवणाचा: सुरमई किंवा बांगड्याचं तिखलं, तिसऱ्या, सोलकढी. शाकाहारी मंडळींना घावणे आणि काळ्या वाटाण्यांचं सांबारं. रातांबे याच दिवसांत पिकतात, तेव्हा परतताना आमसुलं आणि आगळ घरगुती विकणाऱ्यांकडून घ्यावं.

परतीच्या दिवशी कुडाळ स्टेशनला जाताना धामापूरचा तलाव वाटेवर आहे. 1530 साली बांधलेल्या या तलावाला 2020 साली जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. काठी भगवतीचं देऊळ आणि गर्द झाडी. गाडीला वेळ असेल तर कुडाळजवळच्या पिंगुळीत चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची कला पाहता येते. ती जपणारे परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली.

आता तारखेचं. मे अखेरीस समुद्र खवळू लागतो, किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यासाठी बंद होतात आणि आंबाही संपत येतो. एप्रिलचा शेवट किंवा मेचा पहिला पंधरवडा उत्तम. कोकण रेल्वेचं आरक्षण सध्या 60 दिवस आधी उघडतं आणि सुट्टीच्या दिवसांत ते लगेच भरतं. 5 मेला निघायचं असेल, तर 6 मार्च या तारखेवर नव्या कालनिर्णयात आताच खूण करून ठेवा.