तळहातावरचे रसायन

हळदीचा हंगाम भरात असतो तेव्हा हिंगोलीच्या बाजारात पोत्यांच्या थप्प्यांशेजारी एक कृती दिवसभर चाललेली दिसते. तळहातावर चिमूटभर तंबाखू, तिच्यावर नखाएवढा चुना, मग अंगठ्याने मळणे, दोन टाळ्या देऊन भुकटी झटकणे आणि खालच्या ओठामागे बार धरणे. कळमनुरीच्या बांधावर, औंढ्याच्या बसस्थानकावर, सेनगावच्या पारावर, वसमतच्या मोंढ्यात हेच. करणाऱ्याला ही साधी सवय वाटते. प्रत्यक्षात ती नेमकी रासायनिक क्रिया आहे, आणि तिची बरोबर उलटी क्रिया आज जगभरच्या तरुणांच्या हातातल्या ई-सिगारेटमध्ये बसवलेली आहे.

तंबाखूचे रोप किडींपासून बचावासाठी मुळांत निकोटीन तयार करते आणि पानांत साठवते. या निकोटीनची दोन रूपे असतात. एकावर विद्युतभार असतो, त्याला तोंडाच्या अस्तराच्या स्निग्ध पटलातून सहज पार जाता येत नाही. दुसरे भाररहित, म्हणजे मुक्त निकोटीन. ते पटलातून झरझर जाते. कोणते रूप किती, हे भोवतालच्या सामूवर, म्हणजे आम्ल-अल्कतेच्या मापावर ठरते. सामू ८ असेल तर दोन्ही रूपे निम्मी-निम्मी असतात. सामू ६ वर उतरला की मुक्त निकोटीन जेमतेम एक टक्का उरते. ९ वर गेला की नव्वद टक्क्यांहून अधिक होते. चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, हा तीव्र अल्क. तो तंबाखूत मळला की अडकून पडलेले निकोटीन मोकळे होते. चुना कमी पडला की बार ‘लागत नाही’, अशी तक्रार होते, ती यामुळेच. हे गणित कोणी कागदावर मांडले नव्हते तेव्हापासून ते हातांना ठाऊक आहे.

आता ई-सिगारेट पाहू. होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ मध्ये तिचे आजचे रूप घडवले. बॅटरी, तापणारी तार आणि प्रॉपिलीन ग्लायकोल, ग्लिसरीन, निकोटीन व सुगंधी द्रव्ये यांचे मिश्रण, एवढाच तिचा संसार. तार तापते, द्रवाचे बारीक तुषार होतात आणि ते फुप्फुसात ओढले जातात. सुरुवातीच्या उपकरणांत मुक्त निकोटीन असे. ते घशाला झोंबायचे, त्यामुळे फार ओढता येत नसे. २०१५ मध्ये अमेरिकेत आलेल्या जूल या ई-सिगारेटने त्यात बेंझोइक आम्ल मिसळले. सामू खाली आला, झोंबणे थांबले आणि कधी विडी-सिगारेट न ओढलेल्या पोरांनाही भरपूर निकोटीन सहज ओढता येऊ लागले. आम्लामुळे ते शोषले जाण्यात अडचण आली नाही, कारण फुप्फुसाचा पसारा प्रचंड असतो आणि तिथे पोचताच रक्ताचा किंचित अल्कधर्मी सामू निकोटीनला पुन्हा मोकळे करतो.

एका टोकाला चुना, दुसऱ्या टोकाला आम्ल. निकोटीनचा मुक्काम मात्र दोन्हीकडे एकच, मेंदू. तिथल्या विशिष्ट ग्राहींना ते चिकटते, डोपामिन स्रवते आणि क्षणभर बरे वाटते. धुरातून किंवा तुषारांतून हे काही सेकंदांत घडते. बारातून निकोटीन सावकाश पण बराच वेळ रक्तात उतरत राहते. सततच्या माऱ्याने मेंदूतल्या या ग्राहींची संख्या वाढते. रक्तातले निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येते आणि वाढलेले ग्राही मागणी करू लागतात. चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही, हात पुन्हा पुडीकडे जातो. सकाळी डोळे उघडल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिला बार लागत असेल, तर व्यसन खोल गेले आहे असे डॉक्टर समजतात. अशा माणसाला ‘मन घट्ट कर’ एवढे सांगून भागत नाही. त्याच्या मेंदूची घडण बदललेली असते.

तंबाखू कोणत्या रूपात पोचते हे गाव, घर, वय आणि खिसा ठरवतात. अमेरिकेत लॅटिन अमेरिकी वंशाच्या, म्हणजे हिस्पॅनिक प्रौढांचा एक मोठा अभ्यास ब्राँक्स, शिकागो, मायामी आणि सॅन दिएगो या चार ठिकाणी झाला. सोळा हजारांहून अधिक लोक त्यात सहभागी झाले. सगळ्यांना एकाच नावाखाली मोजले असते तर एक सरासरी हाती आली असती. वेगवेगळे मोजल्यावर दिसले की पोर्तो रिको वंशाच्या पुरुषांत सुमारे ३५ टक्के सिगारेट ओढतात, तर डोमिनिकन पुरुषांत सुमारे ११ टक्के. एकच भाषा बोलणाऱ्यांत तिपटीचा फरक! आरोग्याचा संदेश सरासरीला उद्देशून दिला, तर तो कोणालाच नीट पोचत नाही.

आपली सरासरीही अशीच उकलून पाहायला हवी. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करत होते. त्यात धूर ओढणारे अवघे ३.८ टक्के, बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के. याच सर्वेक्षणात देशभरात ई-सिगारेट वापरणारे ०.०२ टक्के इतकेच निघाले होते. २०१९ मध्ये केंद्राने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात या सगळ्यांवर कायद्याने बंदी घातली. ती योग्यच होती. तापलेल्या द्रवातून फॉर्माल्डिहाइड आणि ॲक्रोलिनसारखी द्रव्ये निघतात, तारेतले धातूही तुषारांत उतरतात आणि चोरून विकला जाणारा माल आजही कोवळ्या वयाला गाठतो. पण महाराष्ट्राचे खरे ओझे फुप्फुसाआधी तोंडावर आहे, आणि साधी तंबाखू व चुना बंदीच्या बाहेर आहेत. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो छुप्या मार्गाने मिळतो, हे कोणाला सांगायला नको.

तोंडात नेमके काय बिघडते? तंबाखू मुरताना आणि साठवताना तिच्यात नायट्रोसामाइन नावाची संयुगे तयार होतात. त्यातली दोन माणसात निश्चितपणे कर्करोग घडवतात, हा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा निर्वाळा आहे. बार रोज त्याच जागी धरला जातो. चुना तिथले अस्तर भाजतो, संयुगे पेशींच्या डीएनएला चिकटतात, जखम भरते आणि पुन्हा होते. पुढे त्या जागी पुसले न जाणारे पांढरे चट्टे उमटू शकतात. गुटखा, मावा आणि शेजारच्या विदर्भातून आलेला खर्रा यांत सुपारीची भर पडते. सुपारीतल्या अरेकोलिनमुळे गालाच्या आत कोलॅजनचे तंतू साचत जातात. गाल ताठरतात, तिखट सोसत नाही, तोंड उघडेनासे होते. मुंबईचे डॉ. जोशी यांनी १९५३ मध्ये भारतातून या विकाराचे वर्णन केले. आज तो विशीतल्या मुलांत दिसतो.

बायकांची तंबाखू तर हिशेबातही धरली जात नाही. त्याच सर्वेक्षणात राज्यातल्या १६.६ टक्के स्त्रिया बिनधुराची तंबाखू घेत होत्या. तव्यावर भाजून काळी केलेली मिश्री दातदुखीवरचा उपाय म्हणून घरात येते आणि मग सुटत नाही. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांवर झालेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखू घेणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. या स्त्रियांपैकी बहुतेकजणी मिश्रीच लावत होत्या. दात घासण्याच्या नावाखाली घेतलेले निकोटीन नाळेतून बाळापर्यंत पोचते, हे प्रत्येक अंगणवाडीत सांगितले गेले पाहिजे.

धीर देणारे पुरावेही आपल्याच देशातले आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ खेडुतांची तोंडे तपासून १९७२ मध्ये अहवाल दिला. पुढे एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम जिल्ह्यांत त्यांच्या चमूने ३६ हजार तंबाखू घेणाऱ्यांना वर्षानुवर्षे समजावले. ज्यांनी तंबाखू सोडली वा कमी केली त्यांच्यात कर्करोगपूर्व चट्ट्यांचे प्रमाण घटले. तिरुवनंतपुरममध्ये प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन उजेडात नुसते तोंड पाहिले. २००५ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधले मुखकर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. यंत्र नाही, सुई नाही. फक्त टॉर्च आणि शिकलेला डोळा.

हे हिंगोलीत करता येण्याजोगे आहे. आरशासमोर उभे राहून ओठ आणि गाल उलटून पाहावेत. पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा आपलीच तीन बोटे उभी न मावणारे तोंड, यांपैकी काहीही आढळले तर दंतवैद्य गाठावा. हळदीच्या या जिल्ह्यात ‘हळद लावा, बरे होईल’ असे सांगणारे भेटतील. हळदीतल्या कुरकुमिनवर संशोधक काम करत आहेत हे खरे, पण बार चालू ठेवून कोणताही लेप कर्करोग टाळत नाही.

सोडण्याच्या वाटेवरही हेच रसायन मदतीला येते. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ ओव्हे फेर्नो यांनी निकोटीनचा डिंक तयार केला आणि त्यात चुन्याऐवजी सौम्य अल्क वापरला. थोडा चावून तो गालात ठेवायचा. त्यातून नायट्रोसामाइनविना मोजके निकोटीन मिळते आणि मात्रा हळूहळू उतरवता येते. आधीच्या पंधरा मिनिटांत चहा, कॉफी किंवा आंबट पेय घेतले तर तोंडातला सामू उतरतो आणि डिंक लागू पडत नाही. ही एवढी गोष्ट न सांगितल्याने अनेकांना उपाय फसवा वाटतो. म्हणून तो डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावा आणि जोडीला समुपदेशन असावे. तंबाखूच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक त्यासाठीच आहे.

पोलिओचा डोस घेऊन घरोघर जाणारी आपली आरोग्ययंत्रणा तोंडे तपासायलाही घरोघर जाऊ शकते. आशाताईंच्या हाती टॉर्च द्यावा, चट्टे ओळखायचे प्रशिक्षण द्यावे, आणि ज्याला चट्टा निघेल त्याला त्याच आठवड्यात तपासणीची तारीख मिळावी. ई-सिगारेटवर कायदा करायला दिल्ली पुरेशी होती. तळहातावरच्या चुन्याशी लढायला गावोगावची माणसे लागतील.