डेस्कटॉपला तुरीच्या डाळीचा रंग

तुमचा लॅपटॉप सेकंडहँड आहे? मग हे चित्र ओळखीचं असेल. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, पुसट अक्षरं: ‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज’. वॉलपेपर बदलायला सेटिंगमध्ये जावं तर बटणं बंद. आधी अ‍ॅक्टिव्हेट करा, मग रंग बदला! घरच्यांनी पैसे जमवून घेऊन दिलेली मशीन, आणि तिच्या भिंतीला रंग द्यायची मुभा नाही. मग रूमवरचा कुणीतरी पेनड्राइव्हमध्ये ‘क्रॅक’ घेऊन येतो. अँटिव्हायरस बंद करून ती फाइल चालवायची. आत ती नेमकं काय करते हे त्यालाही माहीत नसतं आणि तुम्हालाही.

त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ जुन्या प्रोसेसरला अधिकृतपणे घेत नाही. म्हणजे नांदेड-लातूरच्या होस्टेलवरच्या कितीतरी चांगल्या चालणाऱ्या मशीन अधांतरी. अशा मशीनवर लिनक्स मिंट टाकून बघा. फुकट आहे, आणि इन्स्टॉल न करता नुसत्या पेनड्राइव्हवरूनही चालवून बघता येतं. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी आवाजात आहेत. त्यातली स्क्रीन उबुंटूच्या जुन्या आवृत्तीची आहे, पण पहिली भीती जायला तेवढं पुरतं.

आता रंगाचं बघू. सुरुवात टर्मिनलपासून करा. ती काळी खिडकी बघून पोरं घाबरतात, पण रंगांचे प्रयोग करायला तिच्याइतकी सुरक्षित जागा नाही. ‘एडिट’मधून ‘प्रेफरन्सेस’ उघडा, डावीकडे प्रोफाइल निवडा, मग ‘कलर्स’. सिस्टिम थीमचे रंग वापरण्याची टिक काढली की मैदान तुमचं.

रंग कुठले घ्यायचे? नेटवर ‘ड्रॅक्युला’, ‘सोलराइज्ड’ अशा नावाच्या रंगयोजना भरपूर मिळतात आणि चांगल्याही आहेत. पण आपण लातूरची रंगयोजना करू की! मागे काळी माती, वर तुरीच्या डाळीचा पिवळा. मातीसाठी लाल ३८, हिरवा ३३, निळा २९. डाळीसाठी लाल २२४, हिरवा १७६, निळा ६४. हे आकडे ० ते २५५ मधले असतात. तीन रंगांचे दिवे किती पेटवायचे एवढंच ते सांगतात. हे करून ठेवा, दोन दिवसांत कुणीतरी विचारेलच, “हे कसं केलास बे?”

हौस झाली, आता थोडं गणित. अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजेडातल्या फरकाला कॉन्ट्रास्ट म्हणतात. साध्या मजकुरासाठी तो किमान साडेचारास एक असावा, असं वेबच्या सुलभतेचे नियम सांगतात. आपली डाळ काळ्या मातीवर साधारण आठास एक भरते, म्हणजे झकास. तीच डाळ पांढऱ्या पानावर ठेवली तर जेमतेम दोनास एक. रात्री दोनपर्यंत कोडिंग करणाऱ्याचं डोकं का दुखतं, याचं एक कारण इथेही सापडू शकतं.

आणि डार्क थीमचं एक खूळ आहे. डार्क थीमने बॅटरी वाचते हे ओएलईडी स्क्रीनबाबत खरं, कारण तिथे काळा ठिपका म्हणजे विझलेला दिवा. आपल्या बहुतेक जुन्या लॅपटॉपची स्क्रीन एलसीडी असते. तिच्यात मागचा दिवा जळतच राहतो. मे महिन्याच्या दुपारी लाइट गेलेली, खिडकी सताड उघडी, अशा वेळी डार्क थीममध्ये कोड कमी आणि स्वतःचं तोंड जास्त दिसतं. दिवसा लाइट, रात्री डार्क ठेवा, त्यात कमीपणा काही नाही.

फॉन्ट बदलताना मात्र लातूरच्या ‘ल’कडे बघा. मराठी वळणाचा ल पाकळीचा, हिंदी वळणाचा दांडीचा. राज्य सरकारच्या २०२२ च्या शासन निर्णयातही पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श असंच म्हटलं आहे. टाइप केलेलं अक्षर एकच, रूप ठरवतो फॉन्ट. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात. लिब्रे ऑफिसमध्ये त्या मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की पाकळीचा ल येतो. ती निवडलीच नाही तर रिपोर्टच्या पहिल्या पानावर आपल्याच गावाचं नाव परक्या वळणाने छापलं जातं.

टर्मिनलवर हात बसला की पूर्ण थीमकडे वळा. मिंटची थीम म्हणजे बहुतांशी एक फोल्डर, त्यात सीएसएसच्या फाइल्स. हो, वेब डिझाइनच्या प्रॅक्टिकलला शिकता तेच सीएसएस! सिस्टिममधल्या थीमचं फोल्डर कॉपी करून तुमच्या होम फोल्डरमधल्या ‘डॉट थीम्स’मध्ये ठेवा (लपलेली फोल्डर दाखवायला कंट्रोल आणि एच, ते नसेल तर नवं बनवा), नाव बदला, फाइल उघडा आणि फाइंड-रिप्लेसने एक रंग बदलून बघा. बिघडलं तर सेटिंगमधून जुनी थीम निवडायची, मशीनला काही होत नाही. काही नवी अ‍ॅप्स तुमची थीम जुमानणार नाहीत. त्यांना त्यांच्या निर्मात्यांनीच ठरलेल्या रंगात बांधलंय. मला ते पटत नाही, पण आहे खरं.

स्वतः लिहिलेल्या थीमची भीती नाही. तयार थीम एका क्लिकवर उतरवताना मात्र जपा. केडीई हा लिनक्सचा दुसरा लोकप्रिय डेस्कटॉप. मार्च २०२४ मध्ये एका वापरकर्त्याने केडीईच्याच स्टोअरवरून एक ‘ग्लोबल थीम’ टाकली आणि त्याच्या सगळ्या फाइल्स पुसल्या गेल्या. ती थीम कुणी मुद्दाम घातक बनवलेली नव्हती, तिच्यातल्या कोडची चूक होती. ग्लोबल थीम नुसते रंग आणत नाही, सोबत चालणारा कोडही आणते. स्टोअरवरच्या थीम बाहेरचे लोक चढवतात, हे तेव्हा केडीईच्या लोकांनाही जाहीरपणे सांगावं लागलं. थोडक्यात, रूममेटच्या क्रॅकचा प्रश्न इथेही सुटत नाही. फरक एवढाच की इथे फोल्डर उघडून आत काय आहे ते वाचता येतं.

म्हणून थीम टाकायच्या आधी फायनल इयरचा प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर घ्या आणि पेनड्राइव्ह काढून बॅगेत टाका. तसाच लावून ठेवू नका, त्या वापरकर्त्याच्या जोडलेल्या डिस्कही रिकाम्या झाल्या होत्या.